तुझे दे, माझे घे!

न्यू जर्सीतल्या एका लहान गावातला अग्निशमन दलाचा हॉल. एरवी तिथे वाढदिवस साजरे होतात, नाही तर रविवारी सकाळी पॅनकेकच्या पंगती उठतात. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी मात्र या हॉलचे रूप पालटते. घडीच्या टेबलांच्या रांगा लागतात, त्यांवर काळे कापड अंथरले जाते आणि त्या कापडावर पत्त्यांएवढी रंगीत कार्डे मांडली जातात. दाराशी दोन-तीन डॉलरचे तिकीट, लहान मुलांना बहुधा तेही नाही. एका बाजूला बेसबॉलचे खेळाडू, दुसऱ्या बाजूला बास्केटबॉलचे, आणि जिथे सर्वांत जास्त गलका असेल तिथे हमखास पोकेमॉन!

अमेरिकेत अशी कार्ड प्रदर्शने गावोगावी भरतात. ‘प्रदर्शन’ हे नाव जरा भारदस्तच म्हणायचे. खरे तर हा आठवडी बाजार. फरक इतकाच, की इथे मेथीच्या जुडीऐवजी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर घासाघीस चालते. आपल्याकडेही एका पिढीने काडेपेट्यांचे छाप जमवले, पुढच्या पिढीने ‘बिग फन’ च्युइंगममधली क्रिकेटपटूंची चित्रे. दोन कपिल देव आले की एक देऊन गावसकर घ्यायचा, हा व्यवहार कुणी शिकवावा लागला नव्हता. अमेरिकनांनी त्याचाच धंदा केला, आणि तोही चांगला शंभराहून अधिक वर्षे जुना.

सुरुवात सिगारेटच्या पाकिटातून झाली. पाकीट चेपू नये म्हणून आत जाड पुठ्ठा घालत. त्यावर खेळाडूंची चित्रे छापली, की गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट मागते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तंबाखू कंपन्यांच्या लक्षात आले. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या अशाच एका मालिकेत होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड होते. त्याने हरकत घेतल्याने ते छापणे लवकरच थांबले. मुलांनी आपल्यापायी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असे काही म्हणतात. मोबदला मिळाला नाही म्हणून, असे इतर म्हणतात. कारण काहीही असो, त्यातली मोजकीच कार्डे उरली आणि २०२२ मध्ये एक ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले.

त्याच वर्षी त्याहूनही मोठा सौदा झाला, तो मिकी मँटलच्या १९५२ सालच्या कार्डाचा : १ कोटी २६ लाख डॉलर! टॉप्स कंपनीच्या त्या मालिकेची आखणी साय बर्गर यांनी ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली होती. गंमत अशी, की त्यातली शेवटची कार्डे हंगाम संपता संपता बाजारात आली आणि पडून राहिली. गुदामातली जागा अडते म्हणून १९६० मध्ये ती नावेत भरून अटलांटिक महासागरात लोटून दिली, असे बर्गर सांगत. समुद्रात किती मँटल बुडाले असतील, याचा हिशेब शौकीन मंडळी अजून करतात.

अशा बातम्या वाचल्या, की घराघरातले माळे धुंडाळले जातात. त्या शनिवारी हॉलमध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ चार खोकी ढकलगाडीवर घालून आले होते. वडील गेल्यावर गॅरेजमध्ये सापडलेली कार्डे, सगळी १९८७ ते १९९१ या काळातली. प्रत्येक संच प्लॅस्टिकमध्ये जपलेला, वर वडिलांच्या अक्षरात वर्ष. नातवंडांच्या कॉलेजची सोय होईल, असे वडील म्हणत असत.

टेबलामागच्या जाणत्या विक्रेत्याने झाकण उघडले आणि वर्ष वाचूनच तो क्षणभर गप्प राहिला. ही वर्षे या धंद्यात बदनाम आहेत. जुन्या कार्डांचे भाव चढलेले पाहून त्या काळी घरोघरी लोकांनी कार्डे साठवली आणि कंपन्यांनीही बेसुमार छापली. १९५२ ची कार्डे महाग झाली, ती बहुतेक आयांनी रद्दीत घातली म्हणून. १९८९ ची कुणीच टाकली नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. विक्रेत्याने हे हळू आवाजात समजावले. चारही खोकी चाळून त्याने पाच-सहा कार्डे बाजूला काढली आणि त्यांचे काही डॉलर देऊ केले. गृहस्थांनी मान हलवली, पैसे घेतले नाहीत. खोकी तिथेच ठेवून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी विक्री आवरते आणि अदलाबदल सुरू होते. हा खरा मौजेचा भाग. टेबले रिकामी होतात, लोक आपापल्या वह्या काढून बसतात. वही म्हणजे प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाइल. या मेळ्याचे काही अलिखित नियम आहेत. दुसऱ्याची वही विचारल्याशिवाय चाळायची नाही, कार्ड कडेने धरायचे, दोघांचा सौदा चालू असताना तिसऱ्याने तोंड घालायचे नाही. भावाचे भांडण फोनवर मिटते. तेच कार्ड ऑनलाइन लिलावात अलीकडे कितीला गेले ते दोघे मिळून पाहतात. विक्रेत्याला रोखीने विकले, तर बाजारभावाच्या साठ-सत्तर टक्केच पदरात पडतात, म्हणून शहाणे लोक बदल्यात कार्ड घेतात. नकली मालही येतो. त्यावर उपाय म्हणजे भिंग आणि टॉर्च. अस्सल पोकेमॉन कार्डाच्या पोटात गडद थर असतो, त्यातून उजेड फारसा पार होत नाही.

या गर्दीत एका मराठी घरातला दहा वर्षांचा मुलगा होता. शेजारच्या काकांनी घर बदलताना दिलेली जुनी वही त्याच्या मांडीवर, तिच्यात १९९९ सालचे चमकते ब्लास्टॉइज. याच वर्षी जानेवारीत पोकेमॉनची कार्डे जपानमधून अमेरिकेत आली होती, म्हणून या वर्षाला मान. आई शेजारी खुर्चीवर. तिला पिकाचू तेवढा ओळखता येतो.

एक तरुण वाकून म्हणाला, ‘‘ते एक दे, मी वीस देतो.’’ आणि त्याने चकाकणाऱ्या नव्या कार्डांची चळत पुढे ठेवली. एकाला वीस! मुलाचे डोळे विस्फारले. आईलाही सौदा वाईट वाटला नाही. पण पलीकडच्या टेबलावर आवराआवर करणारा तोच जाणता विक्रेता नियम मोडून खाकरला. ‘‘भाव पाहिलास का रे?’’ एवढेच तो म्हणाला. मुलाने आईचा फोन घेतला. वीसही कार्डांची बेरीज ब्लास्टॉइजच्या चौथ्या हिश्श्याएवढी भरेना. तरुण हसला, चळत उचलून निघून गेला. त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. देत होता ती वीसच होती. पण मोठ्यांनी मुलांशी असा सौदा करू नये, असे या मेळ्यांत मानतात, आणि ते योग्यच म्हणायला हवे.

तासाभराने मात्र मुलाने तेच ब्लास्टॉइज एका बारा वर्षांच्या मुलीला दिले आणि तिचा गेंगार घेतला. भाव पाहिला, तर तिचे कार्ड थोडे हलके. तिने दोन साधी कार्डे वर ठेवली, तरी बरोबरी होईना.

‘‘अरे, आत्ताच वाचलास ना? पुन्हा फसतोयस,’’ आई मराठीतून कुजबुजली.

‘‘फसत नाहीये गं आई. मला गेंगारच हवा होता. आणि तिला हे माहीत आहे की ती कमी देतेय. तिने स्वतःच सांगितलं.’’

नऊ वाजता टेबले मिटायला लागली. खोकीवाले गृहस्थ परत आत आले होते. विक्रेत्याशी काहीतरी बोलून त्यांनी चारही खोकी दाराजवळच्या बाकावर उघडी करून ठेवली आणि जाणाऱ्या मुलांना ‘घ्या हवी ती’ म्हणू लागले. बेसबॉलमधले ओ की ठो न कळणाऱ्या पोरांची तिथे झुंबड उडाली. मराठी मुलाने बराच वेळ चाळून एकच कार्ड उचलले.

‘‘हा कोण?’’ गृहस्थांनी विचारले.

‘‘माहीत नाही. याच्या मिशा माझ्या आजोबांसारख्या आहेत.’’

गृहस्थांनी कार्ड हातात घेऊन पाहिले, मग वाकून खोक्यातून त्याच खेळाडूची आणखी दोन शोधून दिली.