मासे स्वस्त, पाणी महाग

घरात फ्रीज आणायचा म्हटले की चार दुकाने पालथी घातली जातात, हप्त्यांचा हिशेब होतो, शेजाऱ्यांचा अनुभव विचारला जातो. माशांची टाकी मात्र उभ्या उभ्या विकत घेतली जाते. परीक्षेचा निकाल लागलेला असतो, मुलाने हट्ट धरलेला असतो, दुकानदार काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश सोडून दाखवतो आणि एकूण रक्कम इतकी किरकोळ असते की तिच्यासाठी विचार करणे म्हणजे चिक्कूपणा वाटावा. आठ-पंधरा दिवसांत मासे मरतात. नवे आणले जातात, तेही मरतात आणि अखेर भांडे माळ्यावर जाते. या साऱ्याचे कारण कोणी नशिबात शोधतो, कोणी दुकानदाराच्या लबाडीत. वस्तुतः ते पाण्याच्या रसायनात असते. आणि काही अंशी खरेदीची किंमत व सांभाळण्याचा खर्च यांत आपण जी गल्लत करतो, तिच्यात.

घरगुती मत्स्यालयाचा छंद फार जुना नाही. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आपला प्रयोग १८५० साली मांडला, तेव्हा त्यांच्या सुमारे बारा गॅलनच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि पाणवनस्पती होत्या. वनस्पतींची कुजकी पाने पाणी नासवू लागली, म्हणून त्यांनी गोगलगाई सोडल्या आणि मग कुठे टाकीचा संसार मार्गी लागला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि घरोघरी टाक्यांचे वेड पसरले. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेपलीकडचा मासा प्रथम तेथेच पाहिला. परंतु वॉरिंग्टन यांच्या प्रयोगातला मुद्दा या सर्व कौतुकात मागे पडला. तो असा की, टाकीत माशाखेरीज आणखी काही जिवंत असावे लागते.

हे ‘आणखी काही’ म्हणजे मुख्यतः जीवाणू. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो, टाकीत साचतो. अल्प प्रमाणातही तो माशाचे कल्ले जाळतो. एका प्रकारचे जीवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. पण नायट्राइटही विषारीच. त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. मग दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते आणि अधूनमधून पाणी बदलले की आटोक्यात राहते. नव्या कोऱ्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. ते वाळूवर, दगडांवर आणि विशेषतः फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात व ती पुरती बसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून आलेला मासा पहिल्याच दिवशी या रिकाम्या गावात येऊन पडतो. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असते, आणि मासा मात्र गुदमरत असतो.

तेव्हा टाकी आणावी की नाही, हे ठरवताना पहिला प्रश्न पैशाचा नाही. महिनाभर रिकामी टाकी घरात चालू ठेवण्याची तयारी आहे काय? त्या काळात रोज चिमूटभर खाद्य टाकून जीवाणूंना अन्न पुरवायचे, दुकानात मिळणाऱ्या चाचणीच्या द्रावणाने अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री करायची आणि मगच दोन-चार मासे आणायचे. एखाद्या स्नेह्याच्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ पुष्कळ कमी होतो. मुलाला हे पटवणे अवघड आहे हे खरे. पण मुलाला जे पटत नाही ते बहुधा वडिलांनाही पटलेले नसते.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि येथे काटकसर उलटते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर पाणी मावते. गोल भांड्यात जेमतेम चार-पाच लिटर. एक मासा मरून कुजला किंवा पाहुण्यांच्या मुलाने खाद्याची डबी उपडी केली, तरी मोठ्या टाकीत विष विरळ राहते व माणसाला सावरायला अवधी मिळतो. जादा पाणी हा एक प्रकारचा विमाच होय. शिवाय दुकानातला बोटभर गोल्डफिश हे पिल्लू असते. नीट वाढला तर तो वीतभर होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याला ही दोन फुटी टाकीही अपुरीच. तिच्यात गप्पी शोभतात. आरोग्य खात्याच्या भिंतीवरील घोषणांमुळे हा मासा खेड्यापाड्यांतही परिचित आहे. मात्र नर-मादी एकत्र आणल्यास काही महिन्यांत कुटुंबनियोजनाचा प्रश्न उभा राहतो.

चालू खर्च फारसा नाही. दहा वॅटचा फिल्टर अहोरात्र चालला तरी महिन्याला सव्वासात युनिटे होतात. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे म्हणजे चौदा लिटर. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून मगच ते टाकीत घालायचे आणि काढलेले पाणी कुंड्यांना द्यायचे. तरीही जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे या चौदा लिटरांचाही विचार व्हावा. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील गृहिणीचे गणित पुण्याच्या गृहिणीपेक्षा वेगळे असणारच. वीज तासन्‌तास जाणाऱ्या गावात फिल्टरमधले जीवाणूच प्राणवायूअभावी मरतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे. उलट गणपतीला गावी जाताना माशांचे काय, ही चिंता मात्र अनाठायी आहे. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. शेजाऱ्याने मायेने टाकलेले मूठभर खाद्य अधिक घातक.

वास्तुशास्त्राच्या नावाखाली टाकी घेणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे. मासा मेला की घरावरचे संकट त्याने आपल्यावर घेतले, अशी समजूत अशा घरांत आढळते. या समजुतीचा दोष केवळ तिच्या भाबडेपणात नाही. मृत्यूलाच शुभ ठरवले की त्याचे कारण शोधण्याची गरज उरत नाही, आणि दुकानदाराला दर पंधरवड्याला तेच गिऱ्हाईक मिळते.

या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना नद्या आहेत. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील ओढ्यांत, प्रामुख्याने केरळात, अंगावर लाल रेघ असलेला एक देखणा मासा राहतो. शास्त्रज्ञांनी २०१३ साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले. देशोदेशींच्या टाक्यांसाठी तो इतका पकडला गेला की आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे. दुसऱ्या टोकाला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा. टाकीची काच साफ करतो म्हणून तो घेतला जातो, फूटभराहून मोठा होतो, टाकीत मावेनासा झाला की कोणीतरी दयाबुद्धीने त्याला नदीत सोडतो. भारतातील अनेक जलाशयांत तो आता ठाण मांडून बसला आहे आणि त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात. टाकीच्या किमतीत हा खर्च कोठेच धरलेला नसतो. तो भरणारा माणूस दुकानात कधी आलेलाही नसतो.

ज्या घराला महिनाभर थांबणे जमणार नाही, त्याने टाकी घेऊ नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मुलांनी मासे पाहूच नयेत असे नव्हे. तीस घरांत तीस गोल भांडी ठेवण्यापेक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत दोनशे लिटरची एक टाकी ठेवली, तर खर्च वाटला जाईल आणि आठवीच्या मुलांना नायट्रोजनचे चक्र फळ्याऐवजी पाण्यात दिसेल. दर शनिवारी पाणी बदलण्याची पाळी तुकड्यांना लावून देता येईल. अडचण एकच. मे महिन्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे राहणार, हे टाकी आणण्यापूर्वीच मुख्याध्यापकांनी ठरवावे लागेल.