गुरगुरण्यामागची भीती

जेवणाच्या ताटलीजवळ कोणी गेलं की घरातला कुत्रा गुरगुरतो. पहिला सल्ला ठरलेला असतो : "आत्ताच जरब बसवा, नाहीतर डोक्यावर बसेल." मग खेकसणं सुरू होतं, ताटली काढून घेतली जाते, एखादी चापटही बसते. काही दिवसांनी गुरगुरणं थांबतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. पुढे कधीतरी तोच कुत्रा अचानक हाताला चावतो.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक हा क्रम चांगला ओळखतात. गुरगुरणं हा इशारा असतो. शिक्षेने इशारा बंद पडतो, पण ज्या भीतीपोटी तो दिला होता ती वाढते. कारण माणसाचा हात जवळ आला की अन्न जातं, हे कुत्र्याला आता पक्कं कळलेलं असतं.

जरब हवीच, या समजुतीला लांडग्यांच्या अभ्यासाने बळ दिलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासल प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७मध्ये एक निबंध लिहिला. बंदिस्त जागेत हे लांडगे वर्चस्वासाठी झगडत होते. त्यावरून कळपाला एक 'अल्फा' म्हणजे दादा लागतोच, अशी कल्पना रुजली आणि मालकाने घरात तो दादा व्हावं, असं प्रशिक्षक सांगू लागले. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ही कल्पना आणखी पसरवली. पण पुढे त्यांनीच रानातले लांडगे अनेक वर्षं पाहिले आणि १९९९मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. आपल्या जुन्या पुस्तकाची छपाई थांबावी, म्हणून मेक प्रकाशकांच्या मागे लागले.

धाकाचा परिणाम काय होतो, हेही तपासलं गेलं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली. ती २००९मध्ये प्रसिद्ध झाली. नको ते केल्यावर कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथाडणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांना उलट आक्रमक प्रतिसाद मिळाला होता. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण ३१ टक्के होतं.

विश्वासाने काय साधतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००७मध्ये फुटबॉलपटू मायकेल व्हिक यांच्या व्हर्जिनियातल्या जागेवर छापा पडला आणि झुंजींसाठी पाळलेले सुमारे पन्नास पिट बुल हाती लागले. असे कुत्रे सुधारत नाहीत, त्यांना मारून टाकणंच बरं, असं काही नामवंत प्राणिसंस्थाही म्हणत होत्या. प्रत्यक्ष तपासणीत आक्रमकतेमुळे फक्त एकाच कुत्र्याला दयामरण द्यावं लागलं. इतरांपैकी अनेक इतके भेदरलेले होते, की माणूस दिसताच जमिनीला चिकटून पडत. २२ कुत्रे यूटा राज्यातल्या 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेकडे गेले, उरलेले वेगवेगळ्या संस्थांनी घेतले. जॉनी नावाचा कुत्रा तर पुढे कॅलिफोर्नियातल्या ग्रंथालयात मुलांशेजारी बसू लागला. वाचायला बुजणारी मुलं त्याला गोष्टी वाचून दाखवत.

भारतातही एक बोलका प्रयोग झाला आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांपैकी काहींना खाऊ दिला, तर काहींना कुरवाळलं. अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहिला, तेव्हा त्याच्यावर विश्वास बसायला खाऊपेक्षा कुरवाळणं अधिक उपयोगी पडलं, असं २०१७च्या त्यांच्या निबंधात नोंदलं आहे.

घरात हा विश्वास छोट्या, रोजच्या गोष्टींतून उभा राहतो. ताटलीवरून गुरगुरणाऱ्या कुत्र्यासमोरून, तो ताणला जाणार नाही इतक्या अंतरावरून, माणसाने जावं आणि जाताना चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकावा. कुत्र्याचं अंग सैल राहिलं, तरच पुढच्या वेळी अंतर थोडं कमी करावं. हळूहळू जवळ येणारा माणूस काही घेऊन जात नाही, देऊन जातो, हे त्याच्या अनुभवाला येतं. चपलेसारखी वस्तू तोंडात धरली असेल, तर ओढाताण न करता अधिक आवडीचं काही देऊन अदलाबदल करावी. पाहुण्यांनी अंगावर वाकू नये. कुत्र्याला हवं तेव्हा त्याने स्वतः जवळ यावं, आणि नको असेल तेव्हा उठून जायची वाट मोकळी असावी. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, शेपूट पायांत घालणं या खुणा गुरगुरण्याच्या आधी दिसतात. त्या वेळीच ओळखल्या, तर बरेच चावे टळतात.

स्वभाव एकाएकी बदलला, तर आधी पशुवैद्याकडे जावं. कानाचं दुखणं किंवा सांधेदुखी असलेला कुत्रा हात लावताच चिडतो. तिथे उपचाराला पर्याय नाही. एकदा चावलेला कुत्रा मुलांजवळ एकटा सोडू नये आणि जाणकाराची मदत घ्यावी. तोंडाला जाळी बांधायची वेळ येणार असेल, तर तीही खाऊ देत, सावकाश सवयीची करावी.

फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, हा समज मात्र चुकीचा आहे. तो कुशीत शिरत असेल, तर शिरू द्यावं. दिवाळीच्या कितीतरी आधी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून, सोबत आवडीचा खाऊ देत तयारी सुरू करता येते. कुत्रा दचकला, की आवाज लगेच कमी करायचा.