परवाना आणि पिस्तूल (७) : गोळी चेंबरमध्ये ठेवावी का?

गेल्या आठवड्यात परवान्याचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयात कसा फिरतो ते पाहिले. आता परवाना हातात आहे, पिस्तूलही घरी आले आहे. ते कमरेला लावून बाहेर पडताना गोळी चेंबरमध्ये असावी, की फक्त मॅगझिनमध्ये?

मॅगझिन भरले म्हणून पिस्तूल लगेच झाडता येत नाही. स्लाइड मागे खेचून सोडली की वरचे काडतूस पुढे सरकते आणि नळीच्या मागच्या तोंडाशी, चेंबरमध्ये बसते. मग सेफ्टी काढून चाप ओढणे एवढेच उरते. रिव्हॉल्वरला मात्र ही मधली पायरी नाही. फिरत्या चक्रीचे प्रत्येक घर हेच चेंबर. जुन्या घडणीत घोड्याची पिन थेट काडतुसावर टेकते, त्यामुळे हत्यार घोड्यावर आपटले तर चाप न ओढताही बार उडू शकतो. म्हणून जाणकार सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. नव्या घडणीत हा धक्का अडवणारा भाग असतो, पण तो झिजतो, तुटतोही.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघाले होते. जुहूच्या घरी परवान्याचे रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि गोळी त्यांच्या पायात घुसली, असे त्यांच्याकडून सांगण्यात आले. समोर हल्लेखोर नव्हता. होते ते कपाट, पहाटेची घाई आणि भरलेले हत्यार.

चेंबर भरून ठेवावे म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडले की सुरा घेतलेला माणूस २१ फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात स्लाइड खेचायला वेळ कुठला? शिवाय एक हात जखमी असेल तर ती खेचता येईलच असे नाही. पण हा हिशेब सतत सराव करणाऱ्या पोलिसाचा आहे. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांचीही मर्यादा लिहिलेली असते, आणि अनेक परवानाधारक वर्षातून एकदाही रेंजवर जात नाहीत. ज्याचा हात सरावलेला नाही, त्याने दीड सेकंदाच्या भरवशावर दिवसभर भरलेले चेंबर वागवू नये, असे माझे ठाम मत आहे.

ठाण्यातल्या माजिवडा नाक्यावर संध्याकाळी उभे राहून पाहा. घोडबंदर रस्त्याकडे वळणाऱ्या बस, रिक्षासाठी ताटकळणारी माणसे, शाळेतून परतणारी मुले. इथे चुकून सुटलेली गोळी रिकाम्या जागी जाणार नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि ताब्यात असावे लागते. त्या नियमाचा हेतू मनावर घेतला, तर रिकामे चेंबर ही त्याचीच पुढची पायरी ठरते.

घरी आल्यावर पिस्तूल रिकामे करतानाचा क्रम मात्र पक्का लक्षात ठेवा. आधी मॅगझिन काढायचे, मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून स्लाइड खेचायची. क्रम उलटला तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण मॅगझिनमधली दुसरी लगेच तिच्या जागी बसते. मग मॅगझिन काढून ठेवणारा पिस्तूल रिकामे समजतो. म्हणून शेवटी स्लाइड मागे धरून चेंबर डोळ्यांनी पाहायचे, आणि बोट घालून चाचपायचे.

(पुढील आठवड्यात : निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करणे)