वाटेतला माल कोण मोजणार?

गेले चार आठवडे गिऱ्हाईक चार-चार पेट्या नेत होतं. पाचव्या आठवड्यात ते आठ मागतं आणि तिथून घोळ सुरू होतो.

एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने 1960च्या सुमारास रचलेला हा ‘बिअर गेम’. बिअरचा थेंबही नसतो. पटावर सोंगट्या सरकवायच्या. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार असे चौघे एका रांगेत. आपसात बोलायला बंदी. मागच्याकडे फक्त ऑर्डरची चिठ्ठी जाते. चिठ्ठी पोचायला वेळ लागतो, माल यायला आणखी. पडून राहिलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर भुर्दंड, द्यायच्या राहिलेल्या पेटीला एक.

दुकानदाराचा साठा उतरू लागतो. तो, समजा, बारा मागवतो. माल येत नाही. येणार कसा, चिठ्ठीच अजून वाटेत आहे! तो धास्तावून आणखी सोळा मागवतो. घाऊकवाल्याला गिऱ्हाईक दिसतच नाही, दिसते ती सोळाची चिठ्ठी. तो चोवीस मागवतो. कारखान्यापर्यंत मागणीला पूर येतो. मग सगळा माल एकदम येऊन थडकतो आणि ऑर्डरी शून्यावर. आसुडाची मूठ जराशी हलली की शेंडा हातभर उडतो, तसंच हे. म्हणून याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात.

जॉन स्टरमन यांनी 1989 साली अशा डावांच्या नोंदी तपासल्या. सरासरी खर्च व्हायला हवा होता त्याच्या जवळपास दहापट निघाला. खेळाडू फळीवरचा माल मोजत होते. मागवलेला पण न पोचलेला माल जवळजवळ विसरत होते.

पटाबाहेरही तेच. पॅम्पर्स वापरणारी बाळं काही लाटालाटांनी लंगोट ओले करत नाहीत. तरी पॅम्पर्स बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलला वितरकांच्या ऑर्डरींत मोठे चढउतार दिसले होते.

यावरचं गणित क्लार्क आणि स्कार्फ यांनी 1960 सालीच मांडलं होतं: ऑर्डर ठरवताना आपलं गोदामच नव्हे, पुढच्या सगळ्या टप्प्यांवरचा आणि वाटेतला मालही धरा. पण पुढचं गोदाम दिसायला हवं ना! चिठ्ठीवर ते दिसत नाही.

डाव संपल्यावर मागच्या खेळाडूंना गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगतात. बहुतेक जण डोंगरदऱ्या काढतात. गिऱ्हाइकाने मागणी बदललेली असते एकदाच, चाराच्या आठ. पुढे शेवटपर्यंत आठच.