एका हाऊसला दोन कॅप्टन

सन 2000 मध्ये रिचर्ड हिप नावाचा प्रोग्रॅमर अमेरिकी नौदलाच्या ‘ऑस्कर ऑस्टिन’ या विनाशिकेसाठी काम करत होता. जहाजावर पाइप फुटला तर कोणते व्हॉल्व्ह बंद करायचे, हे प्रोग्रॅमने सांगायचे होते. पण माहिती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरकडे असे आणि तो सर्व्हर बंद असला की प्रोग्रॅमही हात वर करी. ऐन लढाईत हे कसे चालेल? हिपने सर्व्हरच काढून टाकायचे ठरवले. त्यातून एसक्यूलाइट जन्मले.

एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक फाइल. ती वाचणारी-लिहिणारी लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच बसते, म्हणून तिला एम्बेडेड म्हणतात. अँड्रॉइड, आयफोन, फायरफॉक्स, पायथॉन, सगळीकडे ती आहे. तिचा सगळा कोड एकाच मोठ्या सी फाइलमध्ये मिळतो, त्यामुळे कोणीही तो उचलून आपल्या कामात घालतो. भांडणाचे मूळ इथेच आहे.

समजा, एमआय रूमच्या संगणकावर कोणत्या कॅडेटला कोणते औषध चालत नाही याची यादी आहे. मूळ प्रोग्रॅममध्ये एसक्यूलाइटची एक प्रत आहे. पुढे अहवाल छापायला कोणीतरी एक प्लगइन जोडले, त्याच्या पोटात दुसरी प्रत निघाली. दोघी तीच फाइल उघडतात. कित्येक दिवस काहीच होत नाही. मग एके सकाळी ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ असा संदेश येतो आणि यादी उघडत नाही.

असे का होते? सर्व्हर नसल्यामुळे एका वेळी एकानेच लिहावे म्हणून एसक्यूलाइट ऑपरेटिंग सिस्टिमकडे फाइलचे कुलूप मागते. लिनक्स आणि मॅकवर या कुलपांचा नियम जरा विचित्र आहे. तो किट रूमच्या उदाहरणाने सांगतो.

किट रूमची किल्ली गार्ड कॅडेटच्या नावावर देत नाही, हाऊसच्या नावावर देतो. एका हाऊसकडे किल्ली असेल तर दुसऱ्या हाऊसला तो दारातच थांबवतो. पण त्या हाऊसचा कोणीही एक कॅडेट बाहेर येऊन सही करून गेला की गार्ड सगळ्या हाऊसचे नाव खोडतो, आत बाकीचे अजून असले तरीही. हाऊस कॅप्टनला हे ठाऊक असते. तो स्वतःची वही ठेवतो आणि आतल्यांचे काम संपेपर्यंत कोणालाही सही करू देत नाही.

इथे हाऊस म्हणजे चालू प्रोग्रॅम आणि कॅप्टन म्हणजे एसक्यूलाइटची प्रत. एका हाऊसला दोन कॅप्टन झाले की दोन वह्या होतात. दुसऱ्या कॅप्टनला गार्ड अडवतच नाही, कारण हाऊस तेच. दोघांची मुले एकाच वेळी स्टॉक रजिस्टरवर लिहू लागतात. शिवाय दुसऱ्याचे काम आटोपले, त्याने सही केली, की पहिल्याचे कुलूपही गेले. आता तिसरेच हाऊस आत शिरू शकते.

म्हणूनच दोन वेगळे प्रोग्रॅम एकच फाइल सुखाने वापरू शकतात, पण एका प्रोग्रॅममधल्या दोन प्रती वापरू शकत नाहीत. हे मला सगळ्यात मजेशीर वाटते. विंडोजवर कुलपाचा हिशोब वेगळा आहे, तिथे हा विशिष्ट धोका नाही. आणि ‘डेटाबेस इज लॉक्ड’ या संदेशाला उगाच घाबरतात. तो आला म्हणजे गार्ड जागा आहे!

शोध घेण्याआधी प्रोग्रॅम बंद करून फाइलची नक्कल घ्यावी. शेजारी ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ अशा शेपटीची फाइल असेल तर तिचीही घ्यावी. अर्धवट राहिलेला व्यवहार तिच्यात असतो, कचरा समजून ती पुसू नये. मग नकलेवर ‘प्रॅग्मा इंटिग्रिटी चेक’ चालवावे. ‘ओके’ आले तर फाइलची रचना शाबूत आहे. पण बिघाड झाला असेल तर तो कोणी केला, हे ते सांगत नाही.

गुन्हेगार शोधायला प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागातून ‘सिलेक्ट एसक्यूलाइट व्हर्जन’ विचारावे. उत्तरे वेगळी आली तर प्रती दोन, हे नक्की. सारखी आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण दोन्ही प्रती एकाच आवृत्तीच्या असू शकतात. तेव्हा प्रोग्रॅमच्या आणि प्लगइनच्या फाइलींमध्ये ‘एसक्यूलाइट फॉरमॅट 3’ ही अक्षरे इंग्रजीत शोधावीत. प्रत्येक डेटाबेस फाइलची सुरुवात याच अक्षरांनी होते, म्हणून लायब्ररीलाही ती पोटात बाळगावी लागतात. ती दोन ठिकाणी सापडली की संशयित हाती लागले.

उपाय तीन आहेत. सगळ्या भागांना एकच सामायिक लायब्ररी जोडणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर प्लगइनला स्वतःची वेगळी डेटाबेस फाइल द्यावी, किंवा अहवालाचे काम वेगळ्या प्रोग्रॅमकडे सोपवावे, म्हणजे त्याला वेगळे हाऊस मिळते.

आधी बिघडलेली फाइल मात्र यातल्या कशानेही दुरुस्त होत नाही. जुना बॅकअप असेल तर तो वापरावा. नसेल तर एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवर ‘रिकव्हर’ आज्ञा आहे, ती सापडेल तेवढे गोळा करते. गोळा झालेली यादी एमआय रूमच्या कागदी रजिस्टरशी नावागणिक ताडून पाहावी, आणि तोवर औषध रजिस्टर पाहूनच द्यावे.