पडद्यावरून व्यायाम : कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही

एक साधा प्रयोग करून पाहा. पावले बरोबर गुडघ्यांखाली टेकवून, पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसा. आता पुढे न वाकता, पावले मागे न ओढता आणि हातांचा आधार न घेता उठा. कितीही जोर केला तरी उठता येत नाही! मित्राच्या कपाळाला नुसते एक बोट लावून त्याला खुर्चीत खिळवून ठेवण्याची गंमत मुले करतात, तिचे कारणही हेच. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य पोटाजवळ, म्हणजे खुर्चीच्या बैठकीवर असतो आणि पावले त्याच्या बरीच पुढे असतात. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा पावलांवर पडल्याशिवाय कोणालाही उभे राहता येत नाही. म्हणून उठण्यापूर्वी आपण नकळत पुढे वाकतो.

वय वाढले की हे नकळत होणारे काम कष्टाचे होते. मांड्यांच्या स्नायूंची ताकद ओसरते, तोल सावरण्याची चपळाई कमी होते. घरातल्या घरात पडण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते. त्यानंतर अनेक वृद्धांना पूर्वीसारखे हिंडता-फिरता येत नाही.

यावर व्यायामाचा उपयोग होतो काय? न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८० वर्षे व त्यापुढील वयाच्या २३३ स्त्रियांचे त्यांनी दोन गट केले. एका गटातील स्त्रियांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत भौतिकोपचारतज्ज्ञ (ज्यांना आपण फिजिओथेरपिस्ट म्हणतो) चार वेळा गेले आणि त्यांनी पायांच्या ताकदीचे व तोलाचे व्यायाम शिकवले. दुसऱ्या गटाकडे माणसे गेली, पण केवळ भेटीगाठींसाठी. वर्षभरात दुसऱ्या गटात पडण्याच्या १५२ घटना घडल्या, तर व्यायाम करणाऱ्या गटात ८८.

परंतु प्रत्येक घरी तज्ज्ञ कोठून पाठवायचा? म्हणून चित्रफितीवरून किंवा मोबाइलच्या पडद्यावर समोरासमोर बोलून व्यायाम शिकवण्याची पद्धत पुढे आली. २०२० साली टाळेबंदीत घराबाहेर पडणे बंद झाले तेव्हा ती अनेकांच्या परिचयाची झाली. शिकवणारा एका गावात आणि शिकणाऱ्या आजी दुसऱ्या गावात. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : त्या शिक्षकाला तेथून दिसते तरी काय?

कॅमेऱ्याला प्रकाश कळतो, म्हणजे वस्तूंचे आकार आणि जागा कळतात. बल कळत नाही. हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहू.

समजा, आजींचे वजन ६० किलोग्रॅम आहे. गुडघ्यांच्या वरच्या भागाचा भार सुमारे ५३० न्यूटन, म्हणजे प्रत्येक गुडघ्याच्या वाट्याला २६५ न्यूटन. बैठक सुटण्याच्या क्षणी या भाराची रेषा गुडघ्याच्या २० सेंटिमीटर मागे असेल, तर गुडघ्याभोवतीचे आघूर्ण २६५ × ०.२ = ५३ न्यूटन-मीटर होते. आता गुडघा म्हणजे एक तरफ. मांडीचा पुढचा स्नायू टेकूपासून सुमारे ४ सेंटिमीटर अंतरावरच ओढत असतो. तेव्हा त्याला ५३ ÷ ०.०४, म्हणजे १,३०० न्यूटनहून अधिक बल लावावे लागते. एका पायाच्या स्नायूवर सव्वाशे किलोपेक्षा जास्त वजन टांगल्यासारखेच हे झाले! आजी थोड्या अधिक वाकल्या आणि भाराची रेषा गुडघ्याच्या १२ सेंटिमीटर मागे आली, तर हेच बल ८०० न्यूटनच्या आसपास येते. ‘आधी वाका, मग उठा’ हे सांगण्यात शिस्तीचा भाग नसून तरफेचा हिशेब आहे.

आता आजींनी खुर्चीचे हात दाबून शरीर उचलले असे समजा. भाराचा मोठा वाटा दंडांनी घेतला, मांड्यांना व्यायाम जवळजवळ झालाच नाही. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा दिसले काय? आजी उठल्या! हात खुर्चीवर नुसते टेकले आहेत की जोराने दाबले आहेत, हे चित्रावरून ओळखणे फार कठीण.

यावरचा उपाय मोठा सुंदर आहे आणि तो पडद्याचा प्रश्न येण्यापूर्वीच सापडलेला होता. रॉबर्टा रिक्ली आणि जेसी जोन्स या अमेरिकी संशोधिकांनी १९९९ साली वृद्धांसाठी ज्या चाचण्या मांडल्या, त्यांतील एक अशी : सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवर बसायचे, हातांची घडी छातीवर ठेवायची आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उठता येईल तितक्या वेळा उठायचे. हात छातीवर आले की दंडांची चोरी संपली. खुर्चीची उंची ठरलेली, उचलायचे वजन आपलेच. न दिसणाऱ्या बलाचे रूपांतर मोजता येणाऱ्या आकड्यात झाले, आणि तो आकडा शंभर कोसांवरूनही मोजता येतो. ७० ते ७४ वर्षांच्या स्त्रीला १० वेळाही उठता आले नाही, तर अमेरिकेतील मापाप्रमाणे तिची ताकद कमी समजतात. आपल्याकडे जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय असलेल्या आजीबाईंचा आकडा काय येईल, हे पाहणे मनोरंजक ठरेल.

कॅमेरा कोठे ठेवावा हाही भूमितीचा प्रश्न आहे. बहुतेक घरांत तो समोर ठेवतात, कारण बोलायला तेच बरे वाटते. पण ५० सेंटिमीटर लांबीचे धड २० अंशांनी पुढे वाकले, तर समोरून पाहणाऱ्याला त्याची उंची फक्त ३ सेंटिमीटरने कमी झालेली दिसते (२० अंशांची कोज्या ०.९४ आहे). बाजूने पाहिले तर खांदा १७ सेंटिमीटर पुढे सरकलेला दिसतो! उलट, उठताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर ते समोरूनच कळते. तेव्हा एकदा समोरून आणि एकदा बाजूने, असे दोनदा दाखवणे उत्तम.

तोलाच्या व्यायामांचा प्रकार अधिक गंभीर आहे. एका पायावर किंवा एका रेषेत पुढे-मागे पावले ठेवून उभे राहिलो की आधाराची रुंदी पावलाएवढीच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उरते. शरीर म्हणजे उलटा लंबक. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.९ मीटर उंच आहे आणि सर्व वस्तुमान तेथेच एकवटले आहे, असे ढोबळपणे मानू. २ अंश कललेले शरीर सावरले नाही, तर ०.३ सेकंदात ते ३ अंश, ०.६ सेकंदात साडेसात अंश आणि ०.९ सेकंदात २० अंश कलते. आता शिक्षकाने ‘धरा!’ म्हणण्याचा हिशेब करा. चित्र तेथे पोचायला वेळ, ते पाहून बोलायला वेळ, शब्द परत यायला वेळ आणि तो ऐकून आजींना हात पुढे करायला वेळ. एका दिशेचा विलंब ०.१५ सेकंद धरला, तरी एकूण बेरीज सहज एका सेकंदाच्या घरात जाते. दोष तारेचा नव्हे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे हजार किलोमीटरला ०.००५ सेकंद पुरतात. बाकीचा वेळ मुख्यतः चित्र आवळण्यात, उलगडण्यात आणि वाट पाहण्यात जातो.

म्हणून दूरचा शिक्षक कितीही निष्णात असला तरी तो पडणाऱ्याला सावरू शकत नाही. ते काम स्वयंपाकघराच्या ओट्याने किंवा शेजारी उभ्या असलेल्या नातवानेच करायचे.

एवढ्या मर्यादा असूनही ही पद्धत फुकट जात नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे सत्तरीच्या पुढच्या ५०३ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्या लोकांना टॅब्लेटवर तोलाचे, क्रमाने अवघड होत जाणारे व्यायाम दिले होते. आठवड्याला दोन तास करायचे होते. पहिल्या वर्षअखेर दोन गटांत निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही. दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा मात्र व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आढळले. चार महिन्यांत कंटाळून मोबाइल बाजूला ठेवणाऱ्या आजोबांना हे जरूर सांगा.

शाळेतल्या विज्ञान मंडळाला यातून एक चांगला प्रयोग करता येईल. चार पायांची, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजी किंवा आजोबांना चक्कर येत असेल, गुडघा दुखत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. शेजारी एक मोठे माणूस उभे करा. मोबाइल बाजूला, सुमारे तीन मीटरांवर, बैठकीच्या उंचीवर स्थिर ठेवा. खांद्यावर आणि कमरेवर रंगीत टिकली लावा. बहुतेक मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतात, म्हणजे दोन चित्रांत १/३० सेकंदाचे अंतर. एक-एक चित्र पुढे सरकवत दोन्ही टिकल्यांच्या जागा आलेखकागदावर मांडा. खांद्याची टिकली आधी पुढे जाते आणि कमरेची नंतर वर चढते, हे दिसेल. आलेखावर तारीख आणि खुर्चीची उंची लिहून ठेवा, आणि तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर दुसरा आलेख काढा.