वखारीची सफेती आणि फवारणीची यंत्रे

वैशाख लागला, की जुना माल काढून वखारी रिकाम्या कराव्या आणि आषाढापूर्वी भिंतींस सफेती द्यावी, हा आमच्या पेठेतील धान्यव्यापाऱ्यांचा जुना परिपाठ होय. चातुर्मासात जीवोत्पत्ती फार. भिंतींच्या भेगा आधीच बुजविल्या असतील, तर किडीस आसरा मिळत नाही आणि पुढे औषधे मारण्याचे पातकही टळते. पूर्वी हे काम कुंच्याने होई. आता रंगारी तऱ्हेतऱ्हेची फवारणीची यंत्रे घेऊन दाराशी येतात, आणि यांतील कोणते पत्करावे, असे व्यापारी बंधू आम्हांस विचारतात. आम्ही यंत्रशास्त्री नव्हे. परंतु ठेच खाऊन जे कळले, ते सांगतो.

एके वर्षी घाईमुळे आम्ही अर्धीच वखार रिकामी केली व तूरडाळीची थप्पी ताडपत्रीखाली तशीच ठेवून लोखंडी दारांस तेलरंग देवविला. रंगाऱ्याने कॉम्प्रेसरवरील बंदूक आणली होती. दारे आरशासारखी झाली खरी. परंतु रंगाचे तुषार आणि टर्पेंटाइनचा वास ताडपत्रीस जुमानीत नाहीत. आठ दिवसांनी एका जुन्या गिऱ्हाइकाने पोते उघडविले, ओंजळ नाकाशी नेली, आणि काही न बोलता पोते पुन्हा शिवण्यास सांगितले. ती डाळ आम्ही कोणास खावयास विकली नाही. तोटा भरून निघाला. ते मौन मात्र अद्याप विसरवत नाही.

या बंदुकीत दाबलेली हवा रंगाचे बारीक कण करून उडविते. अमेरिकेत टोलेडो शहरी डॉ. ॲलन डीव्हिलबिस यांनी घशात औषध उडविण्याचा फवारा केला होता. त्याच तत्त्वावर त्यांचे पुत्र टॉमस यांनी १९०७ च्या सुमारास रंगाची बंदूक सिद्ध केली. औषध घशात जावे म्हणून निघालेली युक्ती रंगही घशात घालते, हे ध्यानी ठेवून तोंडास योग्य मुखवटा बांधावा. शिवाय रंगाचा मोठा भाग वाऱ्यावर जातो तो निराळाच. अलीकडे पुष्कळ हवा व अल्प दाब अशा रीतीची बंदूक निघाली आहे. तिच्या तोंडाशी हवेचा दाब चौरस इंचास १० पौंडांपलीकडे जात नाही, म्हणून तुषार कमी उडतात. पेढीची कपाटे, दारे, गाद्यांमागील लाकूडकाम यांस ती उत्तम. भिंतीस मात्र ती पुरी पडत नाही.

भिंतीस, तीही गिलाव्याच्या सपाट भिंतीस व डिस्टेंपर-प्लास्टिक रंगास, विनाहवेचे यंत्र चालते. ते हवा न मिसळता रंगच चौरस इंचास दोन-तीन हजार पौंड दाबाने बारीक छिद्रातून सोडते. काम झपाट्याने होते. परंतु तोटीपुढे बोट कधीही धरू नये. रंग कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, आणि बोट गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास वाट न पाहता शस्त्रवैद्याकडेच न्यावे. चुन्याचे रवे या यंत्राची तोटी लवकर झिजवितात, म्हणून सफेतीस आम्ही ते घेत नाही.

सफेतीस आमचा कौल जुन्या पायपंपास. एकाने पाय चालवावा, दुसऱ्याने लांब नळी धरावी. वीज लागत नाही, किंमत थोडी, आणि दगडी भिंतीच्या ज्या सांध्यांत कुंचा पोचत नाही, तेथे चुना पोचतो. चुना आधी नीट विरवून दुहेरी फडक्याने गाळावा, अन्यथा दर घटकेस तोटी तुंबते आणि रंगारी विडी ओढीत बसतो. प्रथम मऊ केरसुणीने भिंत हलक्या हाताने झाडावी, म्हणजे तेथील जीव बाहेर निघून जातात. चुन्याखाली ते जिवंत राहत नाहीत. मग भिंत ओली करून पातळ हात दोन-तीन वेळा द्यावेत. पहिल्या हातावर कुंचा फिरविल्यास चुना अधिक धरतो. डोळ्यांस चष्मा हवाच. चुना डोळ्यांत गेल्यास पुष्कळ पाण्याने धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. भिंत पूर्ण वाळल्यावाचून माल लावू नये.

पुष्कळदा रंगारी शेतावरील औषधाचा पंप उसना आणून त्यातच चुना भरतो. तो कितीही धुतला तरी धान्याच्या वखारीत येऊ देऊ नये. आमचा पंप आम्ही निराळा ठेविला आहे, त्यावर तांबड्या रंगाने 'चुना' असे लिहिले आहे, आणि शेतावर नेण्यास कोणी मागितला, मग तो व्याही का असेना, तरी देत नाही.